मामूजानना पत्र

डिंगोरे,
ता. जुन्नर, जि. पुणे

प्रिय मामूजान यांना सलाम.

तुमचे पत्र मिळाले. तुमचे जहाज नेपल्स बंदरात थांबले, प्रवासी उतरले आणि त्या दिवशी तुम्हालाही चार तासांची सुट्टी मिळाली, हे वाचून आनंद झाला. पाँपेई शहराचे वर्णन मी अम्मीला व नानीला दोनदा वाचून दाखवले. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले शहर! दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि दुकानांच्या ओट्यांत बसवलेले रांजण तुम्ही पाहिले. शेवटी तुम्ही लिहिले होते, "शिवनेरी सोडला, तर आपल्याकडे परदेशी लोकांनी उतरून पाहावे असे काय आहे?" मलाही तसेच वाटत होते.

पत्र मी मराठीच्या सरांना दाखवले. सर हसून म्हणाले, "उत्तर सहलीनंतर लिही. आणि मराठीत लिही." म्हणून हे पत्र मराठीत आहे. चुकांना हसू नका.

आमची सहल नाणेघाटाला गेली. जुन्नरहून बस घाटघरला पोहोचली. तिथून थोडे पुढे पठार एकदम संपते आणि खाली कोकण दिसते. डोंगरात एक अरुंद खिंड आहे. तिच्यातून दगडांची वाट खाली उतरते. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. आम्ही सर्वांनी त्यात डोकावून पाहिले. नाणे एकही नव्हते! मला तुमची पाँपेईची दुकाने आठवली.

खिंडीतल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दान यांची माहिती आहे. राजघराण्यातील माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. आता मूर्ती तुटल्या आहेत, फक्त नावे उरली आहेत.

सर म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातील जहाजे इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघत. मौसमी वारे त्यांना आपल्या किनाऱ्याला आणत." 'मौसम' हा तर आपलाच शब्द! मूळ अरबी. पहिल्या शतकातील एका ग्रीक पुस्तकात सोपारा व कल्याण या बंदरांची नावे आहेत. कल्याणचा माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. त्या काळी परदेशातून तांबे, काच, पोवळे येई आणि इथून सुती कापड, हस्तिदंत जाई. मामूजान, पाँपेईच्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक लहान भारतीय मूर्ती सापडली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढच्या वेळी जरूर पाहून या.

पण मला सर्वांत आवडली ती दुसरीच गोष्ट. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची नावे कोरलेली आहेत. पश्चिमेकडून आलेल्या ग्रीकांसारख्या परदेशी लोकांना तेव्हा यवन म्हणत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. त्यांचे लेख ग्रीक भाषेत नाहीत, इथल्या प्राकृत भाषेत आहेत. ही भाषा त्यांनाही कोणाकडून तरी शिकावी लागली असेल. त्यांच्याही चुका झाल्या असतील.

घरी येऊन हे सारे मी सांगितले. नानीने मध्येच विचारले, "ते पाण्याची टाकी देणारे आपल्या आईकडे परत गेले का रे?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारले. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते दगडावर लिहिलेले नाही."

नानीला मी तसेच सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले व म्हणाली, "मामूला लिही, ईदला सुट्टी मिळते का?"

म्हणून विचारतो. मिळते का?

तुमचा भाचा