कीर्तनातील प्रश्न आणि वर्गातील मौन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात प्राचीन गद्याच्या तासिकेला जे मौन पसरते, त्याचे खापर सामान्यतः विद्यार्थ्यांच्या तोकड्या वाचनावर फोडले जाते. हे सर्वस्वी खोटे नाही. परंतु मौनाचे एक कारण अध्यापकाच्या प्रश्नांच्या घडणीतही असते. ‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो सर’ यापलीकडे उत्तर संभवत नाही, आणि ‘या गद्याची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये आधीच छापलेले असते. दोन्ही वेळी विद्यार्थ्याजवळ स्वतःचे जे आहे, त्याची विचारणाच झालेली नसते.

विचारण्याची निराळी रीत विदर्भाला अपरिचित नाही. ज्यांचे नाव आज अमरावती विद्यापीठ धारण करते, त्या गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) कीर्तन बव्हंशी प्रश्नोत्तरांनीच पुढे सरकत असे. देव किती, असे ते विचारीत; श्रोते ‘एक’ म्हणत. मग तुमच्या गावात खंडोबा आहे काय, मरीआई आहे काय, अशी विचारणा होई आणि प्रत्येक वेळी होकार येई. आता देव किती झाले, या प्रश्नाशी येईतो श्रोत्यांचीच उत्तरे एकमेकांविरुद्ध उभी ठाकत. यातील एकही प्रश्न अवघड नाही. अवघड आहे तो त्यांचा क्रम. निष्कर्षाची जबाबदारी बाबा श्रोत्यांवर टाकीत, आणि त्यासाठी लागणारी सामग्री श्रोत्यांच्याच गावातून घेत. अर्थात कीर्तनाची नक्कल वर्गात करावयाची नाही. श्रोत्याला परीक्षा द्यावयाची नसते आणि कीर्तनकाराला अभ्यासक्रम संपवावयाचा नसतो. घ्यावयाची ती केवळ प्रश्नांची रचना.

कळंबसारख्या तालुक्याच्या गावी महानुभावीय ‘स्थानपोथी’ शिकविताना ही रचना कशी उपयोगी पडेल, ते पाहण्यासारखे आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची स्थळे नोंदविणारा हा ग्रंथ विद्यार्थ्याला रुक्ष वाटतो. गावाचे नाव, देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, अमुक स्थान तमुक स्थानाच्या कोणत्या बाजूला, एवढेच त्यात पानोपानी येते. अध्यापक तो ऐतिहासिक भूगोलाचे साधन म्हणून सांगतो, विद्यार्थी तसे लिहून घेतो, आणि तासिका संपते.

त्याऐवजी पोथी मिटलेली ठेवून पहिला प्रश्न चक्रावतीकाठच्या चिंतामणीचा करावा. गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या चढाव्या लागतात की उतराव्या लागतात? हे मंदिर भूपृष्ठाच्या खाली असल्याने कळंबच्या कोणत्याही विद्यार्थ्याला याचे उत्तर ठाऊक असते. बहुधा अध्यापकापेक्षा अधिक तपशिलाने. नंतर, कोणालाही वाट न विचारता परगावच्या माणसाला त्या जागी पोचता यावे, असे पाच वाक्यांत लिहावयास सांगावे. पहिल्या लेखनात ‘भव्य’, ‘रमणीय’, ‘जागृत’ ही विशेषणे हमखास उतरतील. यांपैकी कोणत्या शब्दाने वाट सापडते, हा तिसरा प्रश्न. विशेषणे गळू लागतात; दिशा, दार, पायरी, कुंड तेवढे उरते. या टप्प्यावर पोथी उघडावी.

स्वामींच्या पश्चात त्या स्थानांना जाऊन नमस्कार करू इच्छिणाऱ्या अनुयायाला नेमकी जागा सापडावी, हे त्या लेखनाचे प्रयोजन होते. रुक्षता ही या प्रयोजनाचीच शैली आहे, हे तेव्हा सांगावे लागत नाही. ‘वस्तुनिष्ठ गद्य’ ही संज्ञा त्यानंतर दिली तरी चालते. आजचा क्रम नेमका उलटा आहे: संज्ञा आधी, अनुभव बहुधा कधीच नाही.

याला वेळ अधिक लागतो, हे मान्य करावयास हवे. नेमलेल्या भागातील काही पृष्ठे विद्यार्थ्यांना घरी वाचावयास सोडावी लागतील. उत्तरे वऱ्हाडीत आली तर ती लगेच प्रमाण मराठीत दुरुस्त करण्याचा मोह आवरावा लागेल. ‘मले मालूम हाय’ म्हणणाऱ्याला मध्येच तोडले की तो पुढे बोलत नाही. दुरुस्ती लेखनाच्या दुसऱ्या खर्ड्यात करता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. प्राचीन मराठी वऱ्हाडीच्या आधारे शिकवावी, असा सल्ला वारंवार दिला जातो, आणि काही रूपांच्या तुलनेपुरता तो योग्यही आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील वर्गात कोलामी किंवा गोरमाटी घरात बोलणारेही बसलेले असतात. ‘तुमच्या घरी हे कसे म्हणतात?’ हा प्रश्न वऱ्हाडी गृहीत धरून केला, तर ते पुन्हा मौनात जातात. पोडावरून कळंबला येणाऱ्याला देवळाची, पाणवठ्याची आणि पायवाटेची नेमकी माहिती मात्र असते, आणि ‘स्थानपोथी’ला तीच हवी आहे.