शब्दांची मोजदाद आणि झाडीची बोली

सज्जनहो, भजनाच्या कामात मोजणी कशाला, अशी शंका कोणी घेईल. पण मोठ्या अभंगाची ठेवण पाहा ना! पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, मिळून बावीस. टाळकरी ती बोटांवर मोजीत नाही, तरी एखादे अक्षर वाढले की गाताना ते दाबून घ्यावे लागते, हे त्याला बरोबर कळते. तेव्हा मोजणी आपल्या घरचीच आहे.

हल्ली हे काम संगणकाकडे आले आहे. एखादा शब्द किती वेळा आला, त्याच्या शेजारी कोण बसला, दोन ग्रंथांची भाषा कितपत जुळते, हे तो मोजतो. या उद्योगाच्या आरंभीचे एक मोठे काम धर्मग्रंथांवरच झाले. इटलीतील फादर रोबेर्तो बुसा यांनी १९४९ साली संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची यंत्राच्या साहाय्याने करावयास घेतली. तिला सुमारे ३० वर्षे लागली व ५६ खंड झाले. यंत्र असून इतका काळ का लागला? शब्दाचे मूळ रूप कोणते, हे माणसांनीच बसून ठरवावे लागले म्हणून.

आपल्या भाषेतले उदाहरण घेऊ. पंढरी, पंढरीस, पंढरीचा, पंढरीहून. आपल्या लेखी क्षेत्र एकच. पण न शिकवलेल्या यंत्राला हे चार निराळे शब्द. प्रत्यय कसे सोडवावे, 'पाण्यात' या रूपातून 'पाणी' कसे ओळखावे, हे व्याकरण त्याला आधी शिकवावे लागते. भाषाशास्त्राचा उपयोग तो येथे.

आता आमच्या लाखनीकडे या. भंडारा जिल्ह्याच्या या भागात झाडीबोली चालते आणि तिच्यात 'ण' च्या जागी 'न' येतो. पाण्याला आम्ही 'पानी' म्हणतो. शेतकरी म्हणाला, "दोन मन धान झाला," तर धान्याचे माप असलेला तो 'मण' यंत्र अंतःकरणातल्या 'मना'त जमा करील! 'कोन आला?' यातला 'कोन' भूमितीत जाईल. आकडा चोख निघेल, पण अर्थ पार चुकेल. म्हणून बोली जाणणारा माणूस लागतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, त्याचे मोल अशा वेळी समजते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. यंत्र मोजते ते त्याच्यापुढे ठेवलेलेच. छापील मराठी त्याला भरपूर मिळते. जात्यावर आजीने म्हटलेली विठूची ओवी कोण देणार? पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्या संगणकात घातल्या गेल्या, म्हणून विठ्ठलावरच्या, वारीवरच्या ओव्या आज शोधून काढता येतात, ऐकताही येतात.

आमच्या झाडीत जाती कधीच थांबली. ओव्या राहिल्या आहेत त्या म्हाताऱ्या आयाबायांच्या तोंडी. त्या गेल्या म्हंजे ओव्याही जातील. तेव्हा माळकऱ्यांच्या मुलानातवांनी एवढे करावे. आजीची परवानगी घेऊन ओवी ध्वनिमुद्रित करावी. मग ती जशी म्हटली तशीच लिहावी. 'पानी' म्हटले तर 'पानी'च लिहावे. शाळेतल्या सवयीने 'पाणी' केले की बोली पुसली गेली. शेजारी प्रमाण मराठीतला अर्थ, गाव, आणि ती कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, हे टिपावे. एका वहीत ५० ओव्या झाल्या तरी पुढच्या अभ्यासकाला तो मोठा ठेवा होईल.

जपात मणी मोजले जातात, पण नाम मुखाने घ्यावे लागते. आमच्या आयांच्या मुखीचे नाम त्यांच्याच बोलीत राहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. रामकृष्ण हरी.