शिट्टी थांबली, तरी छाती उघडून बघा

दिवाळीतल्या फटाक्यांच्या धुराने माझ्या सात वर्षांच्या लेकीला धाप लागली. पंप दिला, पण रात्रभर छाती वाजतच होती. पहाटे शिट्टी बंद झाली तशी सासूबाई म्हणाल्या, "उतरला गं दम, झोपू दे आता तिला." मी फ्रॉक वर केला. पोट उडत होतं, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. पाणी हवं का विचारलं, तर "आई... पा..." एवढंच. आम्ही तसेच निघालो. श्वासनळ्या इतक्या आवळल्या होत्या की शिट्टी वाजण्यापुरतीही हवा आत-बाहेर होत नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

म्हणून दम्याच्या मुलांच्या आयांना मी कळकळीने सांगते, नुसत्या आवाजावर जाऊ नका. आधी मुलाला बोलतं करा. आज डब्यात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, काहीही विचारा. एका दमात पूर्ण वाक्य येत नसेल, दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत असेल, तर अटॅक मोठा आहे. तान्हं बाळ धापेने दूध मध्येच सोडतं, त्याचं रडणं बारीक होतं.

मग पोटावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. मूल रडत असताना नको. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० च्या वर, त्याहून मोठ्याचे ३० च्या वर गेले तर दवाखाना गाठायचा. ऑक्सिमीटर ९२ च्या खाली दाखवत असेल तरीही तेच. मात्र बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं की आकडा चुकतो. आकडा ९५ आहे आणि मुलाला बोलवत नाही, तर मी मुलाकडे बघून ठरवते.

ओठ निळसर दिसले, मूल गळून गेलं, गुंगीत असल्यासारखं वाटलं, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत मुलाला बसतं ठेवा आणि सॅल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून द्या: अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने एकेक दाब, दहापर्यंत. डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी वेगळं लिहून दिलं असेल तर तसं. हळद-दूध, छातीला बाम यात वेळ घालवू नका. पंप किती वाजता दिला, किती दाब दिले, ते पेनाने स्वतःच्या तळहातावर लिहा. दवाखान्यात गेल्यावर ते विचारतात, आणि त्या घाईत आठवत नाही.