उद्यापासून : व्यायामाचा संकल्प आणि त्याचा आरंभ

चालढकलीचा विषय निघाला की तो आळसाच्या सदरात टाकून मोकळे होण्याची आपली रीत आहे. परंतु जो शिक्षक उत्तरपत्रिका मुदतीपूर्वी तपासून देतो, जो ग्रामपंचायत अधिकारी मार्चअखेरचा हिशेब रात्री जागून पूर्ण करतो, तोच "उद्यापासून फिरावयास जाईन" हे वाक्य वर्षानुवर्षे उच्चारीत असतो. त्यास आळशी कसे म्हणावे? उत्तरपत्रिकांना मुदत असते आणि वर विचारणारा कोणीतरी असतो. शरीर मात्र मुदत ठरवून देत नाही आणि स्मरणपत्रही धाडीत नाही. उच्च रक्तदाब व मधुमेह हे विकार अनेकदा कित्येक वर्षे मूकपणे वाढतात आणि त्यांची पहिली सूचना काही वेळा हृदयविकाराच्या झटक्याच्या रूपानेच येते.

नागपूरच्या वायव्येस, छिंदवाड्याच्या वाटेवर कोलार नदीकाठी वसलेले सावनेर हे या दृष्टीने पाहण्याजोगे गाव आहे. तालुक्यात एकीकडे कापूस व संत्री, दुसरीकडे कोळशाच्या खाणी आणि खापरखेड्याचे औष्णिक विद्युत केंद्र. म्हणजे अंगमेहनतीचा हा मुलूख. याच सावनेरात राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी अखेरचा श्वास घेतला. त्या काळी क्षय, विषमज्वर, इन्फ्लुएंझा यांसारखे संसर्गजन्य रोग ऐन तारुण्यातील माणसे नेत असत. त्यांपैकी पुष्कळ रोगांवर आज औषध आहे. त्यांच्या जागी आता बैठ्या जीवनाचे विकार येऊन बसले आहेत आणि ते केवळ शहरात राहिलेले नाहीत. सायकलची जागा दुचाकीने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने, खाणीतील घणाची यंत्राने. तालुक्यातील कितीतरी कर्मचारी व शिक्षक नागपुरास राहून रोज 'अप-डाऊन' करतात. त्यांची सकाळ बस पकडण्यात जाते आणि सायंकाळ परतण्यात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मधुमेहाविषयी जी देशव्यापी पाहणी केली, तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पाहणीतील ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळल्या. नागरी भागात हे प्रमाण ६५ टक्के होते, पण ग्रामीण भागातही ते ५० टक्के होते, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावी. याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दाखविले.

औंधचे उदाहरण

व्यायामाची परंपरा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायाम-ज्ञानकोश दहा खंडांचा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तथापि आखाड्याच्या या वैभवाचा एक उलट परिणामही झालेला दिसतो. व्यायाम म्हणजे तरुण मल्लांचा विषय, चाळिशी उलटलेल्या गृहस्थाचा नव्हे, असा समज समाजात रूढ झाला आहे.

या समजाला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे चांगले उत्तर आहेत. त्यांचा जन्म १८६८ चा. मधली काही वर्षे त्यांनी पाश्चात्त्य व्यायामपटू सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करून पाहिला आणि मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून १९०८ साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, नियमित सूर्यनमस्कार घालण्यास प्रारंभ केला. पुढल्याच वर्षी संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे आला. कामाचा व्याप वाढला म्हणून नमस्कार सुटले नाहीत. उलट त्यांनी ते संस्थानातील शाळांत सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि १९५१ पर्यंतचे दीर्घायुष्य त्यांना लाभले. दीर्घायुष्य नमस्कारांमुळेच लाभले असे म्हणण्याचे धाडस येथे करावयाचे नाही. महत्त्वाची गोष्ट इतकीच की या साधनाला उपकरण लागत नाही, मैदान लागत नाही, सोबती लागत नाही. सतरंजीएवढी जागा पुरते. आरंभाच्या आड येणाऱ्या सबबी त्याने निम्म्याने कमी होतात.

माहिती पुरेशी नाही

इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयाच्या मुळाशी जातो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाने केवळ आपल्या व्यायामाची नोंद ठेविली. दुसऱ्या गटास व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो याचे माहितीपत्रक वाचावयास दिले. तिसऱ्या गटाने तेच पत्रक वाचले आणि त्याखेरीज पुढील आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे व्यायाम करणार हे एका वाक्यात लिहून दिले. आठवड्याअखेर पहिल्या गटातील ३८ टक्के, दुसऱ्या गटातील ३५ टक्के आणि तिसऱ्या गटातील ९१ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केल्याचे सांगितले. हे आकडे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले आहेत आणि कालावधीही अल्प, हे खरे. तरीही नुसत्या माहितीपत्रकाचा परिणाम जवळजवळ शून्य ठरावा, ही बाब प्रसिद्धीच्या कामात आयुष्य घालविणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

यावरून निघणारी पद्धत सोपी आहे. "व्यायाम करीन" असा संकल्प न करता "सकाळचा चहा झाला की गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन परत येईन" असा संकल्प करावा. येथे वेळ घड्याळापेक्षा एखाद्या कृतीशी जोडलेली बरी, आणि आपल्या भागात तर विशेषच. सावनेरात मे महिन्याच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या आरंभी पावणेसात उलटून जातात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू केलेला नेम थंडीत अंधारात सापडतो आणि मोडतो. हिवाळ्यातील सातची वेळ वैशाखात टिकत नाही, कारण पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो आणि आठलाच ऊन लागू लागते. पावसाळ्यासाठी तर निराळी तजवीज हवी. त्या चार महिन्यांत घरातील नमस्कार किंवा शाळेच्या व्हरांड्यातील फेऱ्या चालतील, हे ज्येष्ठातच ठरवून ठेवावे.

दुसरी सबब असते ती वेळेची आणि परिमाणाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचविले आहेत. पण त्याच मार्गदर्शनात, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असेही स्पष्ट म्हटले आहे. दररोज १० हजार पावलांचा जो मोठा आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे. तो काही वैद्यकीय उंबरठा नव्हे. पहिल्या पंधरवड्यात रोज दहा मिनिटे चालणे झाले तरी ते पुरेसे मानावे.

सवय किती दिवसांत जडते? लंडनमधील ९६ व्यक्तींच्या २०१० सालच्या अभ्यासात याला सरासरी ६६ दिवस लागले, परंतु प्रत्यक्षात कोणास १८ दिवस पुरतील आणि कोणास अडीचशेहून अधिक लागतील असे दिसले. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला की नेम मोडला असे समजून पुढचा शुभारंभ पाडव्यापर्यंत लांबविला जातो.

पंचायतीने काय करावे

अलीकडे अनेक गावांत खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या आहेत. साहित्य बसविले म्हणजे काम झाले, अशी समजूत असेल तर दोन पावसाळ्यांनंतर तेथे गंजलेले सांधे आणि वाढलेले गवत उरते. देखभालीची तरतूद आणि रोज ठराविक वेळी तेथे हजर राहणारी चार माणसे या गोष्टी लोखंडाहून मोलाच्या आहेत. सरपंच व मुख्याध्यापक स्वतः त्या चौघांत असतील, तर दवंडी पिटण्याची गरज पडणार नाही.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रिया अपुरी हालचाल करतात. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. संत्र्याच्या तोडणीला वा कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईला आणखी फिरावयास जा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. तिचे श्रम हिशेबात धरलेच पाहिजेत. परंतु घरात अडकलेल्या स्त्रीच्या बाबतीत 'चालढकल' हा शब्दच अन्यायाचा आहे, कारण सकाळची वेळ तिच्या मालकीची नसते. दिवेलागणीच्या सुमारास उजेडाची सोय असलेला एखादा सुरक्षित रस्ता आणि बचत गटातील मैत्रिणींची सोबत एवढे मिळाले, तर बराच फरक पडेल. उजेडाची सोय करणे हे पंचायतीच्या हाती आहे.

प्रारंभ करण्यापूर्वी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तेथे विनामूल्य होते. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे असा त्रास ज्यांना होतो, त्यांनी आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. इतरांनी तपासणीची तारीख लांबविण्याचे कारण नाही, आणि तपासणी व्हावयाची आहे म्हणून चालणे लांबविण्याचेही नाही. सावकाश पावलांनी केलेली दहा मिनिटांची फेरी त्याच दिवशी, तपासणीहून परतताना पायी येऊनच, घडू शकते.