मेंदूच्या संकेतांवर काम करायचंय? आधी सिग्नल शिका

बारावी सायन्सची मुलगी आणि तिचे आई-बाबा माझ्यासमोर बसले होते. आई-बाबा दोघेही पुण्यात खराडीच्या आयटी कंपन्यांत. मुलीने न्यूरालिंकची बातमी वाचलेली: खांद्याखालचं शरीर लुळं पडलेल्या नोलंड आर्बॉ या अमेरिकन तरुणाच्या मेंदूत जानेवारी 2024 मध्ये चिप बसवली आणि तो नुसत्या विचाराने कर्सर हलवून बुद्धिबळ खेळू लागला. तिला हेच करायचं होतं. आईने विचारलं, "सर, ह्यात नोकऱ्या आहेत का?"

हे क्षेत्र कालपरवाचं नाही. 2004 मध्ये ब्रेनगेट या संशोधन प्रकल्पातल्या संशोधकांनी असंच शरीर लुळं पडलेल्या मॅथ्यू नेगल यांच्या मेंदूत 96 इलेक्ट्रोड बसवून हेच साधलं होतं. मेंदूच्या संकेतांवर चालणाऱ्या कृत्रिम हातासाठी जॉन्स हॉपकिन्समध्ये झटणारे नितीश ठाकोर आयआयटी मुंबईचे, शाखा इलेक्ट्रिकल.

इलेक्ट्रिकल का, ते ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेचा, आलेख पाहिला की कळतं. इलेक्ट्रोडची टोपी घातलेल्या माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघा सेकंदाला दहाएक हेलकाव्यांनी डोलू लागतात. त्याने दात आवळले की सगळा पडदा रेघोट्यांनी भरून जातो, कारण जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार. त्यात भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण. या गोंधळातून 'उजवा हात हलवायचाय' एवढंच वेचून काढायचं, हे खरं काम. ते गणिताचं आहे.

म्हणून नावात 'न्यूरो' असलेल्या महागड्या कोर्सच्या मागे लागू नका. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, बायोमेडिकल, कॉम्प्युटर यांपैकी जी शाखा चांगल्या कॉलेजात मिळेल ती घ्या. मॅट्रिक्स, संभाव्यता आणि सिग्नल प्रोसेसिंग मात्र पक्कं करा. पुढे गेट देऊन आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक करता येतं. मेंदूच समजून घ्यायची ओढ असेल तर पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तिची प्रवेश परीक्षा वेगळी.

आईला मी खरं तेच सांगितलं. निव्वळ ह्याच कामाच्या नोकऱ्या भारतात आज थोड्या आहेत, त्याही बहुतेक संशोधनातल्या. पण ईसीजी मशीन आणि श्रवणयंत्र बनवणाऱ्यांनाही हेच कौशल्य लागतं. मुलीला अडवू नका.

फिजिओनेट या संकेतस्थळावर 109 जणांची ईईजी रेकॉर्डिंग फुकट मिळतात: मूठ आवळतानाची, आणि आवळल्याची नुसती कल्पना करतानाची. बाबांना पायथॉन येतंच. या रविवारी त्यांनी लेकीशेजारी बसून त्यातली एक फाइल उघडावी.