घड्याळ नाडी सांगते, ती किती खरी?

आमच्या गावातल्या तात्यांना त्यांच्या लेकाने शहरातून एक घड्याळ आणून दिले. ते वेळ सांगते, नाडीचे ठोके सांगते, रात्री झोप किती झाली तेही सांगते. एके दिवशी तात्या म्हणाले, "रात्रभर माझा डोळा लागला नाही. अन् हे म्हणतंय, सात तास झोपलात! खरं कोणाचं?"

आम्ही म्हणालो, "चला तात्या, तपासून पाहू."

घड्याळ उलटे केले. पाठीला हिरवा दिवा लुकलुकत होता. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते. तेवढा वेळ उजेड जास्त शोषला जातो. हा चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगते. बोटात घालायची अंगठीही मिळते. तीसुद्धा उजेडावरच चालते. छातीला बांधायचा पट्टा मात्र वेगळा. हृदय चालताना अगदी बारीक वीज तयार होते. पट्टा ती वीज टिपतो.

तात्या स्वस्थ बसले. त्यांच्या अंगठ्याखाली, मनगटावर आम्ही दोन बोटे ठेवली. अर्ध्या मिनिटात ३६ ठोके पडले. दुप्पट केले, ७२ झाले. घड्याळ म्हणाले ७३. ठीक!

मग तात्यांनी लाकडे फोडली. थांबताच आम्ही पाव मिनिट ठोके मोजले. २९ भरले, म्हणजे मिनिटाला ११६. घड्याळ म्हणाले ९४! असे का? हात जोरात हलत होता. पट्टाही सैल होता. मनगटावर दाट गोंदण असेल, तरीही उजेड अडतो. अंगमेहनतीच्या वेळी छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

आता झोपेचे पाहू. घड्याळाला झोप दिसत नाही. हात हलतो का आणि नाडी कशी चालते, यावरून ते अंदाज बांधते. तात्या डोळे मिटून निपचित पडले होते. घड्याळाने तीच झोप धरली. झोपेची खरी तपासणी दवाखान्यात होते. तिथे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपतात. तेव्हा तात्या, तुमचेच खरे!

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. शेजारच्या गावात एकाच्या छातीत कळ आली. घाम फुटला. घड्याळात ठोके ८० दिसले, म्हणून तो घरीच बसला. पण तो हृदयविकाराचा झटका होता. बायकोने घड्याळाकडे पाहिले नाही, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तिने १०८ नंबरला फोन लावला. गाडी आली, माणूस वाचला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, तरी ठोके नीट दिसू शकतात. हे ध्यानात ठेवा.

काही जण सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ विकतात. त्याला भुलू नका. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २०२४ साली अशा घड्याळांपासून सावध राहायला सांगितले आहे.

मग घड्याळ घ्यावे का? ऐपत असेल तर घ्यावे. पट्टा नीट बसवावा. रोजचा आकडा पाहावा, पण एका आकड्याने घाबरू नये. घड्याळ नसले तरी आपली बोटे आहेतच.

करून पाहा : पाच मिनिटे शांत बसा. नाडी मोजा. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला बहुधा ६० ते १०० असतात. कष्टकऱ्याचे याहून कमीही असतात. आकडा वहीत लिहा. तो नेहमीपेक्षा फार वेगळा येऊ लागला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.