नवं सुचत नाही? नकोच सुचू दे!

वाचनालयाच्या मंडळाने फर्मान काढलंय ना, "राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाला प्रस्ताव पाठवा, काहीतरी नवीन सुचवा"? आणि देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रांच्या फायली सांभाळून तू रात्री कोरा कागद घेऊन बसतेस. खरं सांगू का, नवीन काही लागत नाही गं. शेजारच्या तालुक्यात जे चाललंय, तेच उचल. चालून दाखवलेल्या कामाला पैसे द्यायला कुणाचाही हात लवकर पुढे येतो.

बघ, कोलकात्याचं हे प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतंय. त्यांच्या असमान निधीच्या योजनांमध्ये बाल कोपऱ्यासाठी अर्थसाहाय्य आहे. तेच धर. मग एखाद्या शनिवारी चांगला बाल कोपरा असलेल्या वाचनालयात जा आणि टेप घेऊन जा. सहा वर्षांच्या पोराचा हात वरच्या फळीला पोचतो का? चित्रांची पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवलीत की नुसते कणे दिसतायत? कणा बघून लहान मूल पुस्तक उचलत नाही गं. तिथल्या ताईंना विचार, फाटलेली पानं कोण चिकटवतं, परीक्षा आल्या की काय होतं. आणि कोपरा होण्याआधीचे व नंतरचे देवघेवीचे आकडे मागून घे. लाजू नकोस, आनंदाने देतील. तुझ्या प्रस्तावात सगळ्यात वजनदार तेच ठरतील.

जसंच्या तसं मात्र उतरवू नकोस. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ मध्ये सुरू झाली. १०० पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे, ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल. एवढी साधी रीत, पण ती तुरुंगात गेली, परदेशातल्या मराठी घरांतही गेली. तुझ्याकडे हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात ना? मग बाल कोपऱ्यातली एक पेटी त्यांच्या तळावर जाऊ दे. तुझी एवढी भर पुष्कळ झाली.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नकोस. लेखापरीक्षण अहवाल तुझ्या कपाटात आहेतच, दरपत्रकं एका फेरीत मिळतील. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पुढे जातो, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट न बघता आधीच तिथे दाखवून ये. अध्यक्ष गावाला जायच्या आत ठरावावर सही घे, आणि मसुदा मला पाठव. स्वयंपाक आटोपला की बसते वाचायला.